इन्स्पेक्टरबाईंचा सिंह

बाजारामागच्या गल्लीत, भंगारवाल्याच्या कुंपणाला लागून एक लांबट पत्र्याचं छप्पर आहे. तिथे इन्स्पेक्टरबाई काम करतात. त्या कुठल्याही खात्यात इन्स्पेक्टर नव्हत्या आणि नाहीत. त्या लोहार आहेत. लोखंड तापवायचं, ठोकायचं, पिळायचं आणि त्यातून फाटकं, कठडे, दिवे, कोयंडे, पक्षी, पानं असं जे निघेल ते काढायचं, हा त्यांचा धंदा. दारावर त्यांनी 'कलात्मक लोहकाम' अशी पाटी रंगवून घेतली होती. रंगाऱ्याने घाईत त्यातला एक काना खाल्ला. बाईंनी त्याला पुन्हा बोलावलं नाही. बोटभर लोखंडाचा काना घडवला आणि रिकाम्या जागी ठोकून दिला. पुढे ऊन-पाऊस लागून पाटीवरचा रंग उडाला, आणि आता तिच्यावर फक्त तो काना उरला आहे. गिऱ्हाईक तरीही बरोबर येतं.

त्याआधी बाई बावीस वर्षं दात करत होत्या. एका दंतवैद्याच्या दवाखान्यामागे खिडकी नसलेली खोली होती, तिला लॅब म्हणायचे. पुढच्या खोलीत डॉक्टर रोग्याच्या तोंडाचा ठसा घ्यायचे. तो मागे आला की बाई त्यात प्लास्टर ओतून जबडा काढायच्या, मेणाची हिरडी चढवायच्या, एकेक दात बसवायच्या. तयार कवळी पुन्हा पुढच्या खोलीत जायची. रोग्याचं तोंड बाईंना पाठ असे, चेहरा मात्र त्यांनी कधी पाहिला नाही. त्यांच्या लेखी माणूस म्हणजे चिठ्ठीवरचा एक आकडा. पण हात असा की त्यांची कवळी कवळी वाटत नसे. त्यातली मेख त्यांनी डॉक्टरांनाही सांगितली नव्हती. वरचा, डावीकडचा, मधल्या दोघांना लागून असलेला दात त्या केसभर तिरका बसवायच्या. दातांची रांग फार शिस्तीत असली की लोकांना संशय येतो. एखादा जरा वाकडा दिसला की बघणारा निर्धास्त होतो.

बाईंना चव्वेचाळिसावं लागलं त्या वर्षी डॉक्टरांनी दात छापणारं यंत्र आणलं. बाईंना एक भिंतीवरचं घड्याळ भेट मिळालं आणि सुट्टीही मिळाली, कायमची. निघताना त्यांनी आपल्या हातचे तीन प्लास्टरचे जबडे पिशवीत घालून घरी आणले. नवरा शिंपी, घरातल्या पुढच्या खोलीतच मशीन टाकून बसलेला. त्याने तिन्ही जबडे दुसऱ्या दिवशी कामाला लावले. एक कापडावर वजन म्हणून, एक खडू ठेवायला, आणि तिसऱ्याच्या पुढच्या दोन दातांत चांगली मोठी फट होती म्हणून तो दोऱ्याला. मागे रीळ, फटीतून दोरा पुढे, तिथून मशिनीत. कधी गुंता म्हणून होत नसे. नवऱ्याच्या मते घरातलं सगळ्यांत उपयोगी तोंड तेच होतं, कारण ते उघडं असून बोलत नसे. त्या आठवड्यात त्याच्या चहात साखर कमी पडत गेली.

हात रिकामे असले की बाईंना करमत नसे. अशात गॅलरीच्या कठड्याची एक सळी गंजून निसटली. नवऱ्याने ती काळ्या दोऱ्याने शिवून टाकली आणि टाका पक्का आहे अशी ग्वाही दिली. बाईंनी गळ्यात त्याची टेप अडकवली, मापं लिहिलेली वही घेतली, चष्मा चढवला आणि बाजारामागचा लोहार गाठला.

त्याच दिवसांत लोहार वेगळ्याच काळजीत होता. त्याच्या भट्टीच्या धुराबद्दल कुणीतरी तक्रारीचा कागद केला होता आणि नगरपालिकेकडून तपासायला माणूस येणार होता. लोहार म्हातारा, आयुष्यभर ऐरणीपाशी उभं राहून कान गेलेले. दारात चष्मा, वही आणि टेप बघितल्यावर त्याला काही ऐकण्याची गरजच उरली नाही. त्याने स्टूल पुसलं, चहा मागवला आणि आपणहून सगळं दाखवायला लागला. हा ब्लोअर, हा कोळसा, ही धुराडी, ती मी दर महिन्याला साफ करतो. बाईंना वाटलं, किती अगत्याचा माणूस. त्यांनी खुणा करत विचारलं, लोखंड आधी लाल होतं आणि मग पिवळं का होतं? त्याने तापवून दाखवलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, टोक काढायचं कसं? त्याने काढून दाखवलं. तिसऱ्या दिवशी त्या म्हणाल्या, मी करून बघू का? आता इन्स्पेक्टरला नाही कोण म्हणणार? त्याने आपला चांगला हातोडा धुऊन त्यांच्या हातात दिला.

चौथ्या दिवशी खरा इन्स्पेक्टर आला. किडकिडीत माणूस, बगलेत फाईल. म्हाताऱ्याने त्याला दारातच थोपवलं आणि सांगितलं, "तुमच्या बाई रोज येतात. त्यांचं समाधान झालंय." आपलं काम आपोआप झालेलं ऐकून इन्स्पेक्टरने तिथेच सही ठोकली आणि तो निघून गेला. त्यानंतर तासाभराने बाई आल्या, कठड्याच्या सळीचा विषय पहिल्यांदा नीट ओरडून झाला, आणि म्हाताऱ्याच्या डोक्यात उजेड पडला. दोन दिवस तो त्यांच्याशी बोलला नाही. बाई मात्र येतच राहिल्या, कोपऱ्यात खिळे ठोकत राहिल्या. तिसऱ्या दिवशी तो म्हणाला, आलाच आहात तर ब्लोअर तरी चालू करा, इन्स्पेक्टर. ते नाव चिकटलं ते चिकटलंच.

पहिली दोन वर्षं बाईंच्या मनगटांनी त्यांना शिव्या घातल्या. हातावर फोड आले, पदर जळाला म्हणून साडी गेली आणि पँट आली. ती नवऱ्याने शिवली, गुडघ्याला दुहेरी कापड लावून. अठ्ठावीस दात एका रेषेत बसवणारे हात ऐरणीवरही तसेच चालत. म्हातारा बिजागरी करायचा ती दार धरण्यापुरती. बाई करायच्या त्या बिजागरीला पान फुटायचं, पानाला शिरा यायच्या आणि एका शिरेवर मुंगीही निघायची. म्हातारा विचारायचा, ही मुंगी काय भार उचलणार आहे? पण गिऱ्हाईक मुंगीसाठीच येऊ लागलं. पुढे म्हाताऱ्याचे गुडघे गेले, तो खुर्चीत बसला आणि छप्पर बाईंकडे आलं. त्यांनी जुना विजेवर चालणारा घण आणून बसवला. शेजारीपाजारी वैतागले, म्हातारा खूश झाला, कारण कित्येक वर्षांत त्याला ऐकू आलेली ती पहिली गोष्ट होती.

बाईंचा स्वभाव मुळात खट्याळ. लॅबमध्ये तो एका दातापुरता दाबून ठेवलेला होता, लोखंडात तो मोकळा सुटला. एका वाड्यातल्या दोन सख्ख्या भावांनी एकमेकांशी बोलणं टाकलं होतं आणि दोघांचं फाटक मात्र एकच होतं. त्यांनी दोन झडपांचं फाटक सांगितलं, ज्याची त्याची झडप वेगळी. बाईंनी दोन्हींवर एकेक पोपट बसवला. फाटक उघडं असलं की पोपट पाठमोरे, बंद केलं की चोचीला चोच. भावांना ते लक्षात यायला वेळ लागला, आणि तेव्हापासून ते फाटक कोणी बंदच करेना. मग एकदा बाहेरची गाय आत शिरून दोघांचीही झाडं खाऊन गेली. तिला हाकलायला दोघे एकदमच धावले आणि त्या गडबडीत बोलून बसले. बाईंनी याचं श्रेय कधी घेतलं नाही. ते गायीला मिळू दिलं.

या सगळ्यावर नाराज असं नात्यात एकच माणूस होतं, ते म्हणजे नवऱ्याची थोरली बहीण. नणंदबाई न्यायालयात लघुलेखिका होत्या. वीस वर्षं एकाच न्यायाधीशांसमोर बसून त्यांच्या तोंडून पडेल तो शब्द त्यांनी टिपला होता. स्वतःही तशाच नेमक्या. भावजय लोहारकाम करते हे वाक्य त्यांच्या तोंडून कधी निघालं नाही. कुणी विचारलंच तर त्या म्हणायच्या, ती धातूच्या क्षेत्रात असते. ऐकणाऱ्याला वाटायचं, सोन्याचांदीचं काहीतरी असेल.

तरीही ग्रंथालयाचं काम बाईंना मिळालं ते त्यांच्यामुळेच. ग्रंथालयाची नवी इमारत झाली होती, तिला फाटक हवं होतं, आणि समितीचे अध्यक्ष होते नणंदबाईंचे तेच साहेब, आता निवृत्त. त्यांनी सहज विचारलं, लोखंडाचं चांगलं काम करणारं कुणी माहीत आहे का? नणंदबाई खोटं बोलत नसत. त्यांनी एक मोठा श्वास घेतला आणि खरं सांगितलं. घरी येऊन त्यांनी भावजयीला बजावलं की हा माझ्या अब्रूचा प्रश्न आहे, नीट वाग.

समितीची बैठक ग्रंथालयाच्या वाचनकक्षात भरली. बाईंनी चित्र काढून नेलं होतं. पुस्तकातली कसर. तो छोटासा रुपेरी किडा फाटकाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सळ्या कुरतडत गेलेला, आणि कुरतडलेल्या जागीच आत जायची वाट. ग्रंथपाल बाईंना ते फार आवडलं. न्यायाधीशांना आवडलं नाही. कीटक हा विषय ग्रंथालयाला शोभत नाही, असं ते म्हणाले. त्यांना सिंह हवा होता. नुसतं तोंड, समोरून, रुबाबदार, आणि ते उघडं असावं. "सिंहाचे दात स्पष्ट दिसले पाहिजेत," असं त्यांनी इतिवृत्तात लिहून घ्यायला लावलं. बाईंनी एकदा विचारून पाहिलं की निदान सिंहाच्या कानावर एखादी कसर चालेल का. त्यावर न्यायाधीश हसले. फारसं नाही, वरचा ओठ जरासा उचलला गेला एवढंच.

तेवढ्यात बाईंना वरचा डावीकडचा दात दिसला, मधल्या दोघांना लागून असलेला, केसभर तिरका.

आपलं अक्षर परक्याच्या पत्रात दिसावं तसं त्यांना झालं. त्या पुढची वीस मिनिटं न्यायाधीशांच्या तोंडाकडे इतक्या मन लावून बघत होत्या की समितीतल्या सगळ्यांना वाटलं, बाईंना सिंह पटला. एकेक दात ओळखीचा निघत गेला. नऊ वर्षांपूर्वीचं काम, पण हाताला आठवत होतं. बाहेर पडल्या तेव्हा त्यांनी सिंहाला होकार दिलेला होता.

सिंह करायला सात आठवडे लागले. जाड पत्रा मागून ठोकून चेहरा काढला, आयाळीला पट्ट्या पिळून घेतल्या, एकेक केस वेगळा. दात मात्र बाईंनी सगळ्यांत शेवटी आणि खुर्चीतल्या म्हाताऱ्याकडे पाठ करून घडवले. अठ्ठावीस दात, एकेक तापवून, कानशीने घासून, अंगठ्याने चाचपून. सुळे सिंहाला शोभतील इतपत लांबवले, बाकी जसंच्या तसं. आपण हे का करतोय असं त्यांनी स्वतःला विचारलं नाही. कसर नाकारल्याचा राग होताच. शिवाय बावीस वर्षं आपण केलेलं सगळं लोकांच्या तोंडात बंद राहिलं, त्यातला एक तरी नमुना चौकात लागावा, असंही त्यांच्या मनात कुठेतरी होतंच.

फाटक बसलं. सिंह खरोखर भारदस्त दिसत होता. पण का कोण जाणे, त्याच्यासमोर उभं राहिलं की तो आता पुढची तारीख देईल असं वाटायचं. ग्रंथपाल बाई म्हणाल्या की याला कुठेतरी पाहिलंय. उद्घाटनाला न्यायाधीशांनी कापड ओढलं, सिंहाकडे पाहिलं, आणि त्यांची जीभ गालाच्या आत एकदा डावीकडून उजवीकडे फिरून आली. पाऊण तासाचं भाषण त्यांनी तीन मिनिटांत उरकलं आणि तेही ओठ न हलवता. पहिल्या रांगेत नणंदबाई बसल्या होत्या. त्या एकदा सिंहाकडे बघत होत्या, एकदा साहेबांकडे. टाळ्या त्यांनी वाजवल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या भावाच्या घरी आल्या. बसल्या नाहीत. बाईंना वाटलं आरडाओरडा होईल, पण नणंदबाई ओरडत नसत.

"साहेब रजेवरून परत आले त्या दिवशी त्यांचा 'स' बदलला होता," त्या म्हणाल्या. "मला पहिल्या वाक्यात कळलं. नऊ वर्षं झाली, मी भावाजवळसुद्धा बोलले नाही. मी तोंड मिटून ठेवलं, आणि तू ते गेटवर टांगलंस."

नवऱ्याने मशीन थांबवली होती. नणंदबाई चहा न घेता निघून गेल्या. बाई त्या दिवशी भट्टीवर गेल्या खऱ्या, पण नुसत्या सांडश्या लावत बसल्या. खोडी काढताना मजा येते. पण ती तिसऱ्याच माणसाला जाऊन लागली की मग ती कशी काढून घ्यायची, हे कुणी शिकवलेलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला न्यायाधीश स्वतः आले. एकटे, हातात काठी, अंगात कोट. छपराखाली वाकून शिरले आणि मोडक्या स्टुलावर ताठ बसले.

"बाई," ते हलक्या आवाजात म्हणाले, "तो सिंह मी आहे."

म्हाताऱ्याने खुर्चीतून विचारलं, काय म्हणतात? बाईंनी हाताने काही नाही म्हणून खूण केली. म्हातारा ऐकेना. त्याने पुन्हा विचारलं, मग तिसऱ्यांदा, आणि शेवटी बाईंना त्याच्या कानाशी जाऊन ओरडावं लागलं, "ते म्हणतात, सिंह ते आहेत." कुंपणापलीकडे भंगारवाल्याचा काटा थांबला. म्हाताऱ्याने न्यायाधीशांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि मान डोलावली. अशी माणसं त्याने पाहिली असावीत.

न्यायाधीशांनी स्टूल जवळ ओढलं. बाईंनी कबुली द्यायला तोंड उघडलं, तर त्यांनी हात वर करून थांबवलं. जुनी सवय.

"टांगलंत ते टांगलंत," ते म्हणाले. "पण खोट्या दातांनी टांगलंत. माझे खरे असे नव्हते."

आणि मग त्यांनी सांगितलं. त्यांच्या पुढच्या दोन दातांत फट होती. लहानपणापासून त्या फटीतून ते शीळ घालत, अशी की तीन गल्ल्यांपलीकडचा कुत्रा उठून बसावा. ते राहत तिसऱ्या मजल्यावर. संध्याकाळी कामावरून आले की रस्त्यावरूनच शीळ घालायची, बायको खिडकीतून कापडी पिशवीत किल्ली घालून खाली सोडायची. तीस वर्षं असं चाललं. मग दात गेले, कवळी आली, अगदी सुबक, फट नाही. शीळ गेली. आता वर जाऊन घंटी दाबावी लागते. तीस वर्षं बायकोने कधी 'कोण' म्हणून विचारलं नव्हतं, आता रोज विचारते. त्यांनी तेव्हा डॉक्टरांना सांगून पाहिलं होतं. डॉक्टर म्हणाले, ही सुधारणा आहे.

"फट बुजवायचं कुणी ठरवलं, ते मला कधी कळलं नाही," न्यायाधीश म्हणाले.

बाईंच्या हातातली सांडशी खाली आली. "मी," त्या म्हणाल्या. "मला तो दोष वाटला. कुणाला विचारलं नाही."

बाईंना एकाएकी काहीतरी आठवलं. त्या तशाच उठल्या, भट्टी म्हाताऱ्याच्या भरवशावर सोडून भराभर घरी गेल्या, नवऱ्याच्या मशिनीवरून दोरा तोडला आणि त्याच्यासमोरून तो जबडा उचलला. खाली चिकटलेली चिठ्ठी पिवळी पडली होती, आकडा मात्र वाचता येत होता. कवळीच्या आधीचा, खऱ्या दातांवरून घेतलेला ठसा. परत येऊन त्यांनी तो न्यायाधीशांच्या हातात ठेवला.

न्यायाधीशांनी आपले दात उन्हात धरले. पुन्हा पुन्हा फिरवून पाहिले. मग फटीच्या तळाशी त्यांना एक बारीक, गुळगुळीत खाच दिसली, जी त्यांच्या आठवणीत नव्हती. ही कसली, असं त्यांनी विचारलं. बाईंना सांगावंच लागलं. शहरातल्या निम्म्या पँटींचा दोरा या फटीतून गेलेला आहे. साहेबांच्या अंगातल्या कोटाचाही.

आधी न्यायाधीशांचे खांदे हलले. मग ते मोठ्याने, ओठ उचलून, मागे झुकून हसले, आणि त्यांची वरची कवळी सुटून खाली आली. त्यांनी ती अंगठ्याने जागेवर ढकलली आणि ती लपवायची तसदी न घेता पुढे हसत राहिले.

मग त्यांनी ती काढूनच दिली. बाईंनी घरून जुन्या हत्यारांची पेटी आणवली. दवाखान्याला हे पसंत पडलं नसतं, म्हणून दवाखान्याला विचारलं नाही. दोन मधले दात सोडवायचे, कडेने घासायचे, मध्ये जागा ठेवून पुन्हा बसवायचे आणि गुलाबी मसाला घट्ट होईपर्यंत थांबायचं. सबंध दुपार गेली. तेवढा वेळ न्यायाधीश तोंडावर रुमाल धरून म्हाताऱ्याशेजारी बसले होते. एकाला ऐकू येत नव्हतं आणि दुसऱ्याला बोलता येत नव्हतं, त्यामुळे दोघांच्या गप्पा फार रंगल्या.

कवळी बसवून न्यायाधीशांनी फुंकून पाहिलं. नुसती हवा निघाली. आठवडाभर नुसती हवाच निघत होती. मग एका संध्याकाळी त्यांच्या रस्त्यावर शीळ वाजली आणि तिसऱ्या मजल्यावरची खिडकी इतक्या जोरात उघडली की कुंडी खाली आली. न्यायाधीश थोडक्यात बचावले. किल्ली मात्र कुंडीनंतर आली.

सिंहाचेही मधले दोन दात बाईंनी कापून नवे घातले, फट ठेवून. समितीला सांगितलं की किरकोळ दुरुस्ती. अध्यक्षांनी ती मंजूर केली आणि इतिवृत्तात कारण लिहू दिलं नाही.

नणंदबाईंचा राग मात्र गेला नाही. साहेबांनी माफ केलं तो साहेबांचा मोठेपणा, असं त्या भावाला म्हणाल्या. चार महिने त्या घराची पायरी चढल्या नाहीत. बाईंनी दोनदा निरोप पाठवला, एकदा स्वतः गेल्या. दार उघडलं, पाणी मिळालं, बोलणं मिळालं नाही. बाईंना ते लागलं. त्यांना जाणवलं की एवढ्या वर्षांत आपलं काम नीट बघितलं असेल तर या बाईनेच. पहिल्या रांगेत बसून एका नजरेत दात ओळखणारी दुसरी कोण होती?

पाचव्या महिन्यात नणंदबाई एकदम छपराखाली हजर झाल्या. त्यांना दारामागे छत्री लटकवायला आकडा हवा होता. साधा. त्यात कुणाचं काहीही नको, ना दात ना नाक, आणि तो माझ्या डोळ्यांदेखत झाला पाहिजे, असं त्या म्हणाल्या. बाईंनी फक्त "बरं, ताई" म्हटलं आणि त्यांच्या हातात ब्लोअरचं बटण दिलं.

नणंदबाई दोन तास उभ्या होत्या. लोखंड पिवळं झालं की त्यांचे डोळे बारीक व्हायचे. बाईंनी सळीचं टोक वळवून आकडा केला, पाण्यात घातला, पुढे धरला. नणंदबाईंनी तो पाहिला आणि म्हणाल्या, वळण चुकलंय. सुरुवातीला जाड हवं, मग हलकं होत जायला हवं, शेवट उचललेला हवा. बाईंनी विचारलं, म्हणजे कसं? नणंदबाईंनी पिशवीतून खडू काढला, कारण शिंप्याच्या बहिणीच्या पिशवीत खडू असायचाच, आणि जमिनीवर एक रेघ ओढली. आयुष्यभर लघुलिपी लिहिलेला हात तो. एका झटक्यात जाड, बारीक, वर उचललेली. बाई खाली वाकून बघतच राहिल्या. म्हाताऱ्याने खुर्ची पुढे घेतली. इतकी वर्षं पानाफुलांच्या वेली वळवल्या, पण असं वळण त्यांच्या छपराखाली कधी आलं नव्हतं.

बाईंनी विचारलं की याचा अर्थ काय होतो. नणंदबाई म्हणाल्या, "छत्री." आणि मग अजून एक काढून दाखवली, आणि अजून एक. जमीन भरली तेव्हा दोघी गुडघ्यांवर बसलेल्या होत्या आणि भट्टी विझली होती.

त्यानंतर नणंदबाई मंगळवारी आणि शुक्रवारी येऊ लागल्या. लोकांना अजूनही सांगतात की भावजय धातूच्या क्षेत्रात असते, फक्त आता पुढे म्हणतात, आम्ही दोघी. गेल्या वर्षी नगरपालिकेच्या नव्या इमारतीच्या जिन्याचा कठडा त्यांना मिळाला. चार मजले, रेषांचा नुसता झुळझुळता पट्टा, कुठे जाड, कुठे बारीक. नक्षी अधिकाऱ्यांना फार आवडली. त्यांनी विचारलं, ही लाटांची कल्पना आहे का? नणंदबाईंनी गंभीर चेहऱ्याने सांगितलं की ज्याला जशी दिसेल तशी. त्या खोटं बोलत नसत.

तळमजल्यापासून चौथ्या मजल्यापर्यंत त्या कठड्यावर लघुलिपीत एकच मजकूर पुन्हा पुन्हा लिहिलेला आहे: साहेब जागेवर नाहीत, उद्या या.

हे वाचू शकणारी माणसं शहरात आता मोजकीच उरली आहेत. त्यातले एक, नणंदबाईंच्याच न्यायालयातून निवृत्त झालेले वयस्कर गृहस्थ, मध्यंतरी पाण्याच्या जोडणीच्या अर्जासाठी तिथे गेले. गुडघे दुखत असल्याने कठड्याला हात लावून, सावकाश, एकेक पायरी चढत होते. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर थांबले. चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. बोटाने एक ओळ सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचली. मग अर्जाची घडी घालून खिशात ठेवली आणि खाली उतरून घरी गेले.

दुसऱ्या दिवशी पुन्हा आले.